रापण, ट्रॉलर आणि परक्यांनी केलेला उद्धार

धागाकर्ती, मडगाव :
१९५२ साली नॉर्वे, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि त्यातून केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटी आल्या. गोव्यात साठच्या दशकापासून ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत जाणाऱ्या यांत्रिक बोटी, आले ते सरकारी अनुदानाच्या बळावर, पण यांत्रिकीकरणाची वाट तीच होती. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, वाळूवर ओढली जाई तेव्हा पाटी घेऊन उभी असलेली बाई तिथेच भाव ठरवून मासळी उचलत असे. ट्रॉलरची मासळी मात्र जेटीवर लिलावात निघू लागली आणि मोठ्या व्यापाऱ्यांकडे गेली. आधुनिक अवजारे आणि प्रशिक्षण पुरुषांकडे जाते व बाई मागे पडते, हे डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्येच दाखवून दिले होते. मला खटकते ते त्यानंतरचे. आता विकासाच्या योजनांत बाई आली खरी, पण 'लाभार्थी' म्हणून, म्हणजे बिचारी आणि सगळीकडे एकसारखी. चंद्रा तळपदे मोहंती यांनी ऐंशीच्या दशकात पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखनातल्या नेमक्या याच चित्रावर टीका केली होती. 'तुमच्या बायकांचा उद्धार आम्ही करतो' ही साम्राज्याची जुनीच भाषा आहे.

प्रतिसाद, फोंडा :
ताई, ट्रॉलरबद्दल दुमत नाही. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून इथे लागू झाला आणि लग्नानंतरच्या सामाईक मालमत्तेत बायकोला निम्मा वाटा मिळाला. आपल्या गावकारीत, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेत, जोण (उत्पन्नातला वाटा) कोणाला मिळत असे? गावकाराच्या मुलग्यांना. परक्याने दिले एवढ्यावरून हक्क नाकारायचा असेल, तर त्यात फायदा घरच्या पुरुषांचाच आहे.

धागाकर्ती :
हक्क नाकारा असे मी म्हटलेले नाही. त्याच कायद्याने सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे ठेवला होता, आणि १८८० च्या फर्मानाने हिंदू पुरुषाला, बायकोला ठरावीक वयापर्यंत मुलगा झाला नाही तर, दुसऱ्या लग्नाची मुभा दिली. उद्धार कुठे करायचा आणि कुठे डोळेझाक करायची, हे राज्यकर्ते आपल्या सोयीने ठरवत होते. आमच्या वडिलांनी भाट (माडांची बाग) विकले तेव्हा आई निबंधकांच्या कार्यालयात आली होती. कारकुनाने बोट ठेवले तिथे तिने सही केली आणि पेनाचे टोपण लावून ती बाकावर जाऊन बसली. किंमत किती ठरली, हे तिला घरी आल्यावर कळले.

प्रतिसाद, फोंडा :
हे वाचून वाईट वाटले. तरीही त्या कायद्यामुळे बायकोच्या सहीवाचून व्यवहार होऊ शकत नव्हता, हे विसरू नका. माझ्या मावशीने ती सही दिली नाही, म्हणून तिचे घर राहिले. किंमत विचारण्याचे बळ कायदा देत नाही, हे मान्य. पण विचारायला लागणारी जागा त्याने दिली.

प्रतिसाद, बेतूल :
मासळी विकणाऱ्या घरातली म्हणून एवढेच सांगते. आमच्याकडे योजनेची माणसे आली की शिवणकामाचे वर्ग घेऊ का, असे विचारतात. आम्हाला हवा आहे पहाटे जेटीवर मिळणारा बर्फ, पावसात डोक्यावर छप्पर आणि लिलावात उभे राहायला जागा. हे आजवर कोणी विचारलेले नाही, परक्यांनीही नाही आणि आपल्यांनीही नाही.