पेपर टाकणाऱ्या पोऱ्यापासून सुरू होणारी रहस्यकथा

पहिल्या ओळीत प्रेत नसेल तर रहस्यकथा पकड घेत नाही, असं बरेचदा म्हटलं जातं; मला ते पटत नाही. गावातल्या, शेजारपाजारातल्या रहस्यकथांना तर मुळीच लागू नाही. अगाथा ख्रिस्तीची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) मी वाचनालयात कपाटापाशी उभ्या उभ्याच वाचायला लागले ते तिच्या सुरुवातीमुळे. पेपर टाकणारा पोऱ्या सायकलवरून गावभर फिरतो आणि कोणाच्या दारात कुठला पेपर पडतो, एवढंच लेखिका सांगते. त्यातूनच घराघरातली माणसं उभी राहतात. मग शुक्रवारचं स्थानिक साप्ताहिक आणि त्यातल्या छोट्या जाहिरातींत चक्क खुनाचं आमंत्रण, संध्याकाळी साडेसहाचं!

सोलापूरच्या पूर्व भागात राहिलेल्यांना ही युक्ती लगेच भिडेल. एका दारात मराठी 'संचार', शेजारी तेलुगू पेपर, पलीकडे कन्नड. घरात काय बोलतात ते उंबऱ्यावरच कळतं. (आपल्याकडे अशी कथा कोणीतरी लिहायलाच हवी.) ख्रिस्तीच्याच मिस मार्पलची, म्हणजे खेड्यात राहून गुन्हे उलगडणाऱ्या म्हातारीची, पहिली कादंबरी, 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज', १९३० सालची, तीही दुपारच्या जेवणापासून सुरू होते: कर्नलला कोणी मारलं तर जगावर उपकारच होतील, असं खुद्द पाद्रीच बोलून जातो.