तोंडाचा कॅन्सर उलटला: निवोलुमॅब २० मिग्रॅ पुरतं का?

प्रश्न: निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या) इंजेक्शनचा पूर्ण डोस दर २ आठवड्यांनी २४० मिग्रॅ, तो खर्च झेपणारा नाही. २० मिग्रॅने खरंच फरक पडतो?

उत्तर १: पडतो. टाटा मेमोरियलच्या २०२३ मध्ये छापून आलेल्या चाचणीत दर ३ आठवड्यांनी २० मिग्रॅ दिलं, जोडीला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिबच्या गोळ्या. वर्षभर जगणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मात्र तुलना नुसत्या गोळ्यांशी होती, पूर्ण डोसशी नव्हे.

उत्तर २: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच! वार पाकिटावर ठळक लिहा. चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जिवावर बेततं.

उत्तर ३: जुलाब एर्लोटिनिबचे की इम्युनोथेरपीचे, हे घरी ठरवू नका. रक्त पडलं तर तडक डॉक्टरांकडे. थकवा वाढला तर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासायला सांगा.