ॲनिमल कम्युनिकेटरला कुत्र्याच्या मनातले खरोखरच कळते का?

जास्वंद (प्रश्न)

आमच्या घरी नऊ वर्षांचा लॅब्रॅडोर आहे, त्याचे नाव बंड्या. गेले दोन महिने तो जिना चढायला तयार नाही. वरून हाक मारली की येतो, पहिल्या पायरीवर पुढचे दोन्ही पाय ठेवतो, मान वर करून पाहतो, ओठांवरून जीभ फिरवतो आणि मग पाय काढून घेऊन जिन्याच्या तोंडाशीच बसकण मारतो. खाणे व्यवस्थित आहे, पोट ठीक आहे, फिरायला नेले तर निघतोही उत्साहाने. चार महिन्यांपूर्वी आमची थोरली कुत्री, राणी, वारली. ती दोघे वरच्या खोलीत एकत्र झोपत असत, त्यामुळे घरात सर्वांनीच हे तिच्या जाण्याशी जोडले.

एका मैत्रिणीच्या आग्रहावरून मी ॲनिमल कम्युनिकेटर म्हणून (म्हणजे प्राण्यांशी मनोमन संवाद साधता येतो असे सांगून) काम करणाऱ्या एका बाईंशी संपर्क साधला. त्यांना बंड्याला प्रत्यक्ष पाहण्याची गरज वाटली नाही. डोळे स्पष्ट दिसतील असा एक फोटो, नाव, वय आणि घरातील माणसांची नावे एवढेच त्यांना पुरले. ठरलेल्या वेळी त्यांनी आपल्या घरी बसून त्याच्याशी संवाद साधला आणि नंतर मला फोनवर पाऊण तास सर्व काही सांगितले. बंड्याला राणी अजून वरच्या खोलीत दिसते, ती हाक मारत नाही म्हणून तो वर जात नाही, आणि दोघे ज्या निळ्या पांघरुणावर झोपत ते त्याला हवे आहे, असा त्यांच्या सांगण्याचा सारांश. पांघरुणाचा विषय निघाला तेव्हा मला रडू आवरले नाही, कारण ते मी धुऊन कपाटात ठेवले होते आणि त्यांना त्याची कल्पना असण्याचे काहीच कारण नव्हते. पांघरूण खाली आणून अंथरले. बंड्याने ते हुंगले, त्यावर झोपलाही. जिना मात्र चढला नाही. आता त्या म्हणतात की ‘निरोपाचे’ आणखी एक सेशन करावे लागेल. हे शक्य नाही असे बुद्धीला वाटते, पण पांघरुणाचे कोडे सुटत नाही. कोणाला अनुभव असल्यास किंवा यामागचे शास्त्र ठाऊक असल्यास कृपया सांगावे.

शंकासुर

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर एका घोड्याने देऊन ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवीत असे. उत्तर जेवढे असेल तेवढ्या वेळा तो खूर आपटायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने त्याची तपासणी केली आणि तिला कोणतीही लबाडी आढळली नाही. लबाडी नव्हतीच. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने दोन साध्या गोष्टी करून पाहिल्या. ज्याचे उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नाही असे प्रश्न घोड्यापुढे ठेवले, आणि विचारणारा घोड्याला दिसणार नाही अशी व्यवस्था केली. दोन्ही वेळी हान्सचे गणित कोलमडले. ठोके बरोबर आकड्यापर्यंत आले की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे, आणि घोडा तेवढेच टिपून थांबत होता.

तुमच्या फोनवरील संभाषणात घोड्याच्या जागी कम्युनिकेटर बाई आहेत आणि फॉन ओस्टेनच्या जागी तुम्ही आहात. त्या खोटे बोलत असतील असे मला मुळीच म्हणायचे नाही; फॉन ओस्टेनही प्रामाणिकच होता. पण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या बोलण्यात तुमचा हुंकार, तुमची शांतता, दाटून आलेला आवाज, मध्येच ‘हो, अगदी बरोबर’ असे म्हणणे, या सर्वांतून समोरच्याला दिशा मिळत जाते. न लागलेली विधाने आपण विसरतो आणि लागलेले एखादे आयुष्यभर सांगतो. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या चाचणीवरून काढलेले तुमचे स्वभाववर्णन’ म्हणून एक-एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले, आणि सर्वांच्या हाती मजकूर एकच होता. ‘याला तुमची काळजी वाटते’, ‘घरात कोणीतरी गेल्यापासून हा बदलला आहे’, ही विधाने कोणत्या कुत्र्याला लागू पडणार नाहीत?

तुम्हाला दुसरे सेशन करायचेच असेल तर ते चाचणी म्हणून करावे. घरातील दुसऱ्या कोणीतरी पाच वस्तूंपैकी एक चिठ्ठी टाकून निवडावी आणि बंड्याला तिच्याशी भरपूर खेळू द्यावे. तुम्हाला ती कळू देऊ नये. मग बाईंना पाचही वस्तूंची यादी द्यावी आणि यांपैकी कोणती, एवढेच बंड्याला विचारायला सांगावे. दहा वेळा केले तर निव्वळ अंदाजाने सरासरी दोनदा उत्तर बरोबर येईल. आठ-नऊ वेळा आले तर मी जाहीरपणे माझे शब्द मागे घेईन.

पाऊलवाट

मला शंकासुर यांच्याशी वाद घालायचा नाही, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो येथे नोंदवावा असे वाटते. आमच्या कुत्र्याला मूत्रपिंडाचा विकार होता आणि अखेरच्या आठवड्यात त्याला कायमचे झोपवण्याचा निर्णय आम्हाला घ्यावा लागला. त्यानंतर कित्येक रात्री, आपण घाई केली का, या एका प्रश्नाने मला झोप लागत नव्हती. कम्युनिकेटरने मला सांगितले की तो रागावलेला नाही, थकला होता. हे तिला कुत्र्याकडून कळले की माझ्या आवाजावरून, याचा छडा मी लावला नाही, लावावासाही वाटला नाही. त्या रात्री मी झोपलो. नातेवाइकांचे ‘अहो, कुत्राच तर होता’ ऐकून कंटाळलेल्या माणसाला तासभर कोणी गंभीरपणे ऐकून घेतले, याचीही काही किंमत असते.

शिवाय प्राण्यांमध्ये आपल्याला न उमगलेले काहीतरी असते, हे नाकारता येईल का? मालकीण घरी यायला निघाली की इकडे खिडकीशी जाऊन बसणाऱ्या इंग्लंडमधील जेटी या कुत्र्यावर रूपर्ट शेल्ड्रेक या जीवशास्त्रज्ञांनी बरेच काम केले होते.

शंकासुर

जेटीच्या बाबतीत पुढची हकिकतही सांगायला हवी. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर चार प्रयोग केले; मालकिणीच्या परतण्याची वेळ ऐनवेळी ठरवली आणि कुत्र्याचे सतत चित्रीकरण केले. जेटी खिडकीशी वारंवार जात होता, बाहेर कोणी दिसले तरी जात होता, आणि ठरवलेल्या निकषाने पाहता मालकीण निघण्याचा क्षण त्याने एकदाही ओळखला नाही. शेल्ड्रेक यांनी हा निष्कर्ष अमान्य केला आणि तो वाद पुढे बराच चालला. परंतु जेटीचे सर्व दावे खरे मानले तरी त्यातून कुत्र्याला माणसाचे कळते एवढेच सिद्ध होईल. परक्या माणसाला फोटोवरून कुत्र्याचे कळते, हा दावा अगदी वेगळा आहे.

तुमच्या झोपेबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. तुमचा कुत्रा गेलेला होता, त्यामुळे त्या सेशनने त्याचे नुकसान होण्यासारखे काही उरले नव्हते. बंड्या जिवंत आहे.

नाडीपरीक्षा

मी पशुवैद्य आहे आणि हा धागा वाचताना पहिल्या परिच्छेदापाशीच थांबलो. कम्युनिकेटरचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवतो. नऊ वर्षांचा लॅब्रॅडोर पायरीवर पुढचे पाय ठेवतो, पण मागच्या पायांनी अंग वर ढकलत नाही. जिना उतरताना भार पुढच्या पायांवर येतो, तर चढताना तो मागच्या पायांवर, खुब्यावर आणि कमरेवर येतो. जास्वंद, तुमचा कुत्रा फक्त चढायला नकार देतो की उतरायलाही? सकाळी झोपेतून उठताना आधी पुढचे अंग उचलून मागचे ओढून घेतो का? सपाट रस्त्यावर उत्साहाने चालणे आणि पायरीवर अडणे या दोन्ही गोष्टी खुब्याच्या संधिवातात एकत्र दिसू शकतात. भूक चांगली आहे म्हणून वेदना नाही असे समजू नये. या जातीचे कुत्रे बरेच काही सोसत असतानाही ताट चाटूनपुसून साफ करतात.

ओठांवरून जीभ फिरवणे ही सवय नव्हे. समोर अन्न नसताना कुत्रा असे करतो, जांभई देतो किंवा मान वळवतो, तेव्हा बहुतेक वेळा तो अवघडलेला असतो. तो मनातले सांगतच असतो, फक्त वाक्यांत सांगत नाही. त्याचे हे सांगणे वाचण्यात आपण माणसे फार वाकबगार आहोत असेही नाही. ॲलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर केलेला प्रयोग मी ग्राहकांना नेहमी सांगतो. ज्याला आपण ‘अपराधी चेहरा’ म्हणतो तो कुत्र्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता; काहीही न केलेल्या कुत्र्यांचे चेहरेही ओरडा बसताच अपराधी दिसू लागले. अलीकडे, २०२५ मध्ये, हॉली मोलिनारो आणि क्लाइव्ह विन यांनी कुत्र्याची तीच हालचाल वेगवेगळ्या प्रसंगांत बसवून लोकांना दाखवली, तेव्हा लोकांनी भावना ठरवली ती प्रसंगावरून, कुत्र्याकडे पाहून नव्हे. तुमच्या घरीही तेच घडले असावे. राणी गेल्याचा प्रसंग एवढा मोठा होता की बंड्याच्या मागच्या पायांकडे कोणी पाहिलेच नाही.

सोबती गेल्याचा परिणाम कुत्र्यांवर होत नाही असे मी म्हणत नाही. इटलीतील ४२६ मालकांच्या पाहणीत ८६ टक्क्यांनी दुसऱ्या कुत्र्याच्या मृत्यूनंतर आपल्या कुत्र्याचे वर्तन बदलल्याचे सांगितले होते. पण ते मालकांचे निरीक्षण होते, आणि अशा वेळी मालकही दुःखात असतो. दुसरीकडे, वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी सावध अंदाजानेही सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत कोठेतरी वेदनेचा भाग असतो, असे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडले. म्हणून क्रम एकच: आधी शरीर तपासावे, मन नंतर.

मेंदूचे म्हणाल, तर प्रशिक्षण दिलेले कुत्रे जागेपणी एमआरआय यंत्रात निश्चल पडून राहू शकतात, हे ग्रेगरी बर्न्स यांनी २०१२ मध्ये दाखवले. खाऊ मिळणार असल्याची खूण पाहताच मेंदूचा अपेक्षेशी संबंधित भाग सक्रिय होतो, हे त्यात दिसले. एवढ्या खटाटोपानंतरही यंत्राला ‘याला आनंदाची अपेक्षा आहे’ इतपतच म्हणता येते. ‘मला निळे पांघरूण हवे आहे’ असे वाक्य त्यातून कोणी वाचलेले नाही.

जास्वंद, दोन दिवस त्याच्या उठण्याचे, वळण्याचे आणि जिन्याशी उभे राहण्याचे मोबाइलवर चित्रीकरण करा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेला कुत्रा लंगडणेसुद्धा लपवतो. घरातील वेदनाशामक गोळ्या स्वतःहून देऊ नका. माणसांचे आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते.

जास्वंद

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात बरेच काही घडले.

आधी पांघरूण. त्या संभाषणाचे रेकॉर्डिंग माझ्याकडे होते, ते पुन्हा ऐकले. सातव्या मिनिटाला बाई म्हणतात, ‘मला काहीतरी मऊ दिसते आहे, रंगीत, दोघांचे.’ त्यावर मीच विचारते, ‘निळे पांघरूण?’ आणि त्या म्हणतात, ‘हो, तेच.’ मला पक्के आठवत होते की निळा शब्द आधी त्यांनी उच्चारला. तो माझा होता. त्याआधी त्यांनी लाल चेंडूचा आणि एका लहान मुलाचाही उल्लेख केला होता. आमच्याकडे दोन्ही नाहीत, आणि मी ते साफ विसरून गेले होते.

बंड्या जिना उतरतो, चढत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांत झीज आहे, डावीकडे अधिक. औषध सुरू आहे, खाणे मोजून देतो, पायऱ्यांवर पाय न घसरणारी पट्टी लावली आहे. परवा तो पाच पायऱ्या चढला आणि तिथेच बसून राहिला, मग मी त्याला कमरेखाली आधार देऊन खाली आणले. वर पूर्ण जाईल की नाही, हे डॉक्टरही आताच सांगत नाहीत.

पाऊलवाट यांचे म्हणणे मला कळते. त्या फोननंतर मलाही हलके वाटले होते, फक्त त्या हलकेपणात बंड्याचे आणखी तीन आठवडे दुखण्यात गेले. दुसरे सेशन रद्द केले. चाचणीही केली नाही, शंकासुर यांनी क्षमा करावी.

कम्युनिकेटरना पाठवलेला फोटो काल डॉक्टरांना दाखवला. मूळ फोटोत बंड्या पूर्ण उभा आहे: पाठ कमानीसारखी, मागचे पाय पोटाखाली ओढलेले, सगळा भार पुढे. डोळे स्पष्ट दिसावेत म्हणून मी तो मानेखाली कापून पाठवला होता.