उच्चाराला अवघड नाव ठेवताना : आपले अनुभव लिहावेत

आमच्या मुलीचे नाव ज्ञेया आहे. जाणून घ्यावी अशी, हा त्याचा अर्थ आम्हा दोघांना इतका भावला की चारचौघांत ते नाव कसे उच्चारले जाईल याचा विचार नोंदणीचा अर्ज भरून झाल्यावरच सुरू झाला. मराठीत आपण ज्ञ चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, हिंदीभाषक ‘ग्य’ म्हणतात, गुजरातीत ‘ग्न’ ऐकू येतो, आणि मुळात ते जोडाक्षर ज् आणि ञ यांचे असल्याने संस्कृत पाठांतर केलेली माणसे चौथाच उच्चार करतात. यांपैकी कोणालाही चुकीचे ठरवण्याची माझी इच्छा नाही, कारण प्रत्येकाने तो आपापल्या घरातून घेतलेला आहे. रोमन लिपीत तिचे नाव डी, एन, वाय या अक्षरांनी सुरू होते आणि ज्यांना मराठी येत नाही ते तिथेच थबकतात.

ती शाळेत जाऊ लागली त्या आठवड्यात एकदा मी वर्गाच्या दाराबाहेर उभी होते. बाई हजेरी घेत होत्या. नावे भराभर पुढे जात होती, मुले ‘हजर’ म्हणत होती, आणि एका ठिकाणी बाईंनी बोट ठेवले, चष्मा सारखा केला, ओठ हलवले, पण आवाज काढला नाही. त्या शांततेत ज्ञेया उभी राहून ‘हजर’ म्हणाली. हाका थांबल्या की आपली पाळी आली, हे तिने चार दिवसांत स्वतःच शिकून घेतले होते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाईंना भेटले, नाव तीनदा म्हणून दाखवले, त्यांनी मोकळेपणाने ते माझ्यामागून म्हटले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची हाक ऐकू येऊ लागली. पाच मिनिटांचे काम होते, आणि ते मी पहिल्या दिवशी केले नव्हते याचे मला आजही वाईट वाटते.

अवघड उच्चाराचे नाव ठेवू नये असे माझे म्हणणे नाही. मात्र ते नाव जगाला शिकवण्याचे काम आईवडिलांनी आपल्याकडे घ्यावे, लेकरावर सोडू नये, असे मला ठामपणे वाटते. आपण नाव ठरवताना उच्चाराचा विचार केला होता का, पुढे काय घडले, आणि ज्यांनी असे नाव स्वतः वागवले आहे त्यांना काय वाटते, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

ऋतचे बाबा

आमच्याकडे उच्चारापेक्षा कागदांनी जास्त त्रास दिला. ऋत हा वैदिक शब्द, सृष्टीच्या नियमाचा. देवनागरीत दोन अक्षरांत संपतो. रोमन लिपीत मात्र अ आणि आ या दोहोंसाठी एकच ‘ए’ असल्यामुळे शेवटी ते अक्षर लावले तर लोक ‘ऋता’ असे मुलीचे नाव वाचतात, आणि न लावले तर इंग्रजीच्या सवयीने ‘रट’ म्हणतात. शिवाय ऋ आपल्याकडे ‘रु’ होतो आणि हिंदीत ‘रि’. पत्नीचे शिक्षण हिंदीतून झाले आहे. लसीकरणाचे कार्ड तिने भरले, शाळेचा अर्ज मी भरला, आणि पुढे एकाच मुलाच्या दोन कागदांवर दोन वेगळी नावे निघाली. तो मुलगा एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करून देण्याची वेळ आमच्यावर आली.

देवनागरीचे अचूक रोमन रूप लिहिण्यासाठी आयएसओ 15919 हे 2001 सालचे मानक आहे, आणि त्यात ऋ साठी ‘आर’ अक्षराखाली छोटे वर्तुळ काढतात. पण पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत ए ते झेड, आकडे आणि रिकामी जागा भरणारे एक चिन्ह एवढेच बसते, त्यामुळे ते वर्तुळ तिथे टिकत नाही. तेव्हा पहिला कागद भरण्याआधीच रोमन लिपीतले स्पेलिंग दोघांनी मिळून ठरवावे, ते एका चिठ्ठीवर लिहून सर्व कागदपत्रांच्या पिशवीत वरच ठेवावे, आणि अर्ज कोणीही भरला तरी त्या चिठ्ठीवरूनच भरावा. आम्ही हे दुसऱ्या अपत्याच्या वेळी केले.

इळाची आई

इळा म्हणजे पृथ्वी, वाणी. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘अग्निमीळे’ असा ळ आहे, म्हणजे हे अक्षर मराठीने कुठून तरी उसने आणलेले नाही, याचा मला फार अभिमान वाटतो. इला आणि इडा ही त्याच शब्दाची भावंडे. आम्ही जाणूनबुजून ळ असलेले रूप निवडले.

नाव ठरल्यावर लक्षात आले की सासूबाईंच्या बोलीत इळा म्हणजे विळा. मी घाबरून त्यांना विचारले की बदलू या का. त्या म्हणाल्या, “इळ्याला धार असते. पोरीला असली तर बरंच आहे की.” त्यानंतर या विषयावर घरात कोणी बोलले नाही.

खरी अडचण दुसरीकडून आली. तिला स्वतःलाच साडेचार वर्षांची होईपर्यंत ळ म्हणता येत नव्हता. प, ब, म हे ओठांचे वर्ण मुलांना लवकर येतात. र आणि ळ जिभेवर उशिरा बसतात. कोणी नाव विचारले की ती ‘इया’ म्हणायची, ऐकणारे तेच पुन्हा म्हणायचे, आणि ती मान हलवून ‘इया नाही, इया’ असे सांगायची. आपल्याला बरोबर काय ते माहीत आहे, पण ते तोंडातून निघत नाही, ही तिची तगमग मला पाहवत नसे. तेव्हा मी शेजारी उभी राहून हळूच ‘इळा’ म्हणत असे. ती लगेच माझ्याकडे बोट दाखवी. शाळेच्या छापील यादीत रोमन मोठा ‘आय’ आणि छोटा ‘एल’ सारखेच दिसत असल्याने कित्येकांना तिचे नाव ‘ल’ ने सुरू होते असे वाटते, पण ती गोष्ट किरकोळ आहे.

नीवची आई

माझे पती आयरिश आहेत. मुलीचे नाव त्यांच्या भाषेतले आहे आणि त्याचा अर्थ तेज, झळाळी. उच्चार सोपा आहे, ‘नीव’. लिहिताना मात्र एन, आय, ए, एम, एच अशी पाच अक्षरे येतात, कारण आयरिश लेखनात एम नंतर एच आला की त्याचा आवाज बहुधा ‘व’ होतो. ज्यांना हे ठाऊक नाही ते ‘नायम’ किंवा ‘नियाम’ वाचतात, आणि त्यांचा काही दोष नाही.

माझ्या आजीला इंग्रजी वाचता येत नाही. मी तिला पत्रात देवनागरीत ‘नीव’ असे लिहून कळवले. फोनवर तिने पहिल्या झटक्यात इतके स्वच्छ उच्चारले की माझ्या पतींनी मला पुन्हा एकदा ते ऐकवायला सांगितले. घराबाहेर तिचे नाव पहिल्याच वेळी बरोबर घेणारी ती पहिली व्यक्ती होती. तेव्हापासून आम्ही मुलीच्या दप्तरावर दोन्ही लिप्यांत नाव लिहितो. लिपी बदलली की अवघडपणाही बदलतो, हे मी तोपर्यंत कधी ध्यानात घेतले नव्हते.

त्विषाचे बाबा

मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. हे येथे लिहायचे की नाही याचा दोन दिवस विचार केला.

अडखळणाऱ्या माणसाला नावे सर्वांत जड जातात, कारण इतर शब्दाला पर्याय शोधता येतो, नावाला नाही. पाणी म्हणताना अडलो तर मी ‘जरा तो तांब्या’ म्हणू शकतो. माझी सर्वांत मोठी अडचण त हे अक्षर आहे, त्यातही जोडाक्षरात. पत्नीला त्विषा हे नाव फार आवडले होते, तिच्या दिवंगत वडिलांनी ते कधीतरी सुचवले होते, आणि त्या काळात तिचे दुःख इतके ताजे होते की मी काहीच बोललो नाही. तिला माझे अडखळणे माहीत होते. कोणत्या अक्षरावर, हे मी कधी सांगितले नव्हते.

मुलगी चार महिन्यांची असताना तिला ताप आला आणि मी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून पेशंटचे नाव विचारले गेले. जीभ दातांमागे चिकटली ती सुटेना. पलीकडच्या बाईंनी दोनदा ‘हॅलो’ म्हटले आणि फोन ठेवला. त्यांना वाटले असणार की लाइन तुटली. तापलेले मूल कडेवर होते. त्या रात्री मी पत्नीला सगळे सांगितले. ती रडली, नाव बदलू या म्हणाली, पण तोवर मला ते नाव तिच्याइतकेच प्रिय झाले होते. मी वाणी उपचार सुरू केले, शब्दाला हलक्या श्वासाने सुरुवात करायला शिकलो. आजही दहापैकी तीन-चार वेळा अडतोच.

त्विषा आता सहा वर्षांची आहे. मी तिला हाक मारताना त वर थांबलो की ती खेळ सोडून माझ्या तोंडाकडे पाहते आणि थांबते. बाकी सगळे माझा शब्द पूर्ण करून टाकतात. ती करत नाही. पूर्ण हाक ऐकल्यावरच ‘ओ’ देते.

नाव ठरवणाऱ्यांना एवढेच सांगेन की घरातल्या प्रत्येक माणसाला ते मोठ्याने म्हणायला लावा, आणि जो म्हणायचे टाळतो त्याला एकांतात विचारा.

ज्ञेयाची आई

आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. उच्चाराची परीक्षा मी आजवर परक्या माणसांपुरतीच धरून चालले होते.

येथे एक माहिती जोडते. सायमन लाहम, पीटर कोव्हल आणि अॅडम ऑल्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली एक संशोधन प्रसिद्ध केले, त्यात सहज उच्चारता येणाऱ्या नावांच्या व्यक्तींकडे लोक अधिक अनुकूलतेने पाहतात असे आढळले. मुख्य म्हणजे नाव लांब आहे की अपरिचित, यापेक्षा ते उच्चारायला सोपे वाटते का, याचा तो परिणाम होता. म्हणूनच एकदा म्हणून दाखवणे मला इतके महत्त्वाचे वाटते. लिंक्डइनने 2020 पासून आपल्या नावाचा उच्चार दहा सेकंदांत ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय दिली आहे, मोठ्यांना तिचा उपयोग व्हावा.

चांदणीची मावशी

चांदणीतला च आपण दाताला जीभ लावून म्हणतो, चंद्रातला टाळूला. लिहिताना दोन्ही एकच. भाचीच्या परभाषक मैत्रिणी तिला टाळूच्या च ने हाक मारतात आणि शेवटी ‘नी’ म्हणतात. तिला दोन्ही गोड वाटते. आमच्याकडे याहून जास्त काही घडले नाही.

नाव बदललेली एक वाचक

वरील बहुतेक अनुभव आईवडिलांचे आहेत, म्हणून दुसरी बाजू लिहिते. माझ्या जन्मनावात एक जोडाक्षर होते आणि शेवटी विसर्ग. वडिलांनी ते मोठ्या विचाराने ठेवले होते, हे मला मान्य आहे. परंतु प्रत्येक नव्या वर्गात, प्रत्येक नव्या नोकरीत पहिली दोन मिनिटे नाव समजावण्यात जात, आणि लोक ‘किती वेगळे नाव’ म्हणून त्यावरच बोलत राहत. माझ्याविषयी बोलायचे राहून जाई. चोविसाव्या वर्षी मी रीतसर नाव बदलले. वडिलांना वाईट वाटले. त्यांनी एकच विचारले, “मी हाक मारली तर चालेल ना?” त्यांना जुन्याच नावाने हाक मारू देते, आणि त्यांच्या तोंडून ते मला कधीच अवघड वाटले नाही. मुलाने मोठेपणी नाव बदलायचे ठरवले तर त्याला कृतघ्न म्हणू नये, एवढी अपेक्षा आहे.

पूर्वाची आई

मला जन्मापासून ऐकू येत नाही. मी ओठ वाचते. सासरी गार्गी हे नाव सुचले होते, पण ग घशाजवळ होतो, ओठांवर काहीच दिसत नाही, आणि गर्दीत कोणी माझ्या मुलीला हाक मारली तर मला कळले नसते. पूर्वा म्हणताना आधी ओठ मिटतात, मग गोल होतात, मग दात ओठाला टेकतात, मग तोंड उघडते. हे नाव मला दुरूनही दिसते. दीर लगेच म्हणाले की मग हेच ठेवू.

माझ्या उच्चारात र उमटत नाही, मी ‘पूवा’ म्हणते असे मला सांगतात. पाहुणे तिच्यासमोर मला दुरुस्त करतात, चांगल्या हेतूनेच. मागच्या महिन्यात एका बाईंनी तिला विचारले की तुझे खरे नाव काय. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. ती म्हणाली, “शाळेत पूर्वा. आईपाशी पूवा.” दुसरे नाव घेताना तिने तोंड माझ्याकडे वळवले होते.