कलम ६ मध्ये 'वडील हयात असावेत' हे शब्द कुठे आहेत?

कैफियत
तालुका कोर्टात वाटणीचे दावे चालवतो. परवा एका ज्युनिअरने विचारलं, "सर, विनीता शर्मा निकालात कोर्टाने मुलींवर मेहेरबानी केली ना?" असं समजणारे जुने वकीलही मला भेटलेत, म्हणून हा धागा.

थोडक्यात पार्श्वभूमी. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ६ बदललं ९ सप्टेंबर २००५ पासून. सहदायकाची, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हिस्सा असणाऱ्याची, मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायक झाली. प्रकाश विरुद्ध फुलवती (२०१५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की त्या दिवशी मुलगी आणि वडील दोघंही हयात हवेत. २०१८ साली दानम्मा प्रकरणात वडील २००१ मध्येच वारले होते, तरी मुलींना हिस्सा मिळाला. तिथेही पीठ दोघांचंच. खालच्या कोर्टाने कुणाचं ऐकायचं? शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा मध्ये हयातीची अट काढून टाकली.

माझं म्हणणं असं की ही मेहेरबानी नाही, हे कलमाचं सरळ वाचन आहे. कलमात 'जन्माने' हा शब्द आहे. हक्क जन्मातून येतो, तर बाप कधी वारला याची चौकशी कशाला? आणि कायदेमंडळाला तारीख घालायची होती तिथे त्यांनी घातलीच आहे: २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्रीला, वाटणीला, मृत्युपत्राला धक्का नाही. एवढं मोजून-मापून लिहिणाऱ्यांनी बापाच्या हयातीची अट लिहायची विसरली, असं मी मानत नाही.

माणगंगा
असहमत. 'जन्माने' वर जोर देताय, पण त्याच वाक्यात 'सहदायकाची मुलगी' असंही आहे. १९९९ साली वारलेला माणूस २००५ मध्ये सहदायक कसा? आणि आरंभच 'या सुधारणेच्या प्रारंभापासून' असा आहे, म्हणजे पुढे बघायचं.

दुसरं, सर्वोच्च न्यायालयाचा गुरुपद मगदूम निकाल (१९७८) विसरू नका. जुन्या कलमात मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं मानायचं होतं. न्यायालय म्हणालं, एकदा मानलं की मागे फिरायचं नाही, त्याचे सगळे परिणाम स्वीकारायचे. मग बाप गेला त्या दिवशी हिस्से ठरले. ठरलेले हिस्से सहा वर्षांनी मोडायचे असतील तर कायद्याने तसं स्पष्ट लिहायला हवं.

बांधावरून
मी वकील नाही, शेतकरी आहे. वडील १९९९ ला गेले. मागे आई, आम्ही दोघं भाऊ आणि बहीण. जमीन १६ एकर. बहिणीचं लग्न १९८८ चं, म्हणून महाराष्ट्राने १९९४ साली केलेला बदल तिला लागू नव्हता, तो तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता होता.

जुना हिशेब वकिलाने कागदावर मांडून दाखवला. वडील, आई, दोन मुलं असे चार भाग, चार-चार एकर. वडिलांचे चार एकर पुन्हा चौघांत, त्यात बहीण आली. तिला १ एकर, आम्हा तिघांना ५-५. २०२० नंतर चौघांना ४-४. माझा एक एकर गेला आणि नेमका विहिरीच्या बाजूचा. कर्ज काढून पाइपलाइन टाकली ती पाच एकर धरून. बहिणीला देण्याचं दुःख नाही. पण २०१५ ला एक, २०१८ ला दुसरं, २०२० ला तिसरं. माणसाने कोणत्या कायद्यावर विहीर खणायची?

कैफियत
दादा, तुमची तक्रार खरी आहे. समान संख्येच्या दोन पीठांनी परस्परविरुद्ध निकाल द्यावेत आणि वाद मिटायला दोन-अडीच वर्षं जावीत, याची किंमत पक्षकार मोजतो.

पण एक विचारतो. २००३ साली तुमच्या घरी मुलगा जन्मला असता तर तो सहदायक झाला असता ना? झाला असता. मग आजोबा गेल्यावर सहदायकी संपली होती असं कसं म्हणायचं? ती चालू होती, सातबारा सामाईकच होता.

माणगंगा, मगदूमचं उत्तरही इथेच आहे. मानीव वाटणी ही कल्पना आणली होती बायको-मुलीला मयताच्या हिश्श्यातून काही मिळावं म्हणून, तो हिस्सा मोजण्यापुरती. मोजलं की तिचं काम संपलं. विनीता शर्मा निकाल हेच सांगतो की मानीव वाटणीने प्रत्यक्ष वाटणी झाली नाही, कुटुंब फुटलं नाही. बाईला देण्यासाठी आणलेली कल्पना तिलाच अडवायला वापरायची हे मला कधीच पटलं नाही.

माणगंगा
नातवाचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण आता तुमचीच फूटपट्टी तुम्हाला लावतो. वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा, असं स्पष्टीकरण कलमात आहे. तोंडी वाटणीचं नावही नाही. तरी त्याच निकालाने अपवाद ठेवला, सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तर अपवादात्मक प्रकरणात तोंडी वाटणी मानता येईल. हा अपवाद कोणत्या शब्दांत आहे? फुलवतीने शब्द घातला तर चूक, विनीता शर्माने घातला तर बरोबर?

धाकटी
त्या अपवादाचं काय होतं ते माझ्याकडून ऐका. दावा लावल्यावर भावांनी स्टॅम्पपेपरवरचा कागद काढला, 'तोंडी वाटणीचं स्मरणपत्र', तारीख २००३ ची. चार सह्या एकाच पेनाच्या. खाली साक्षीदाराच्या नावापुढे त्याचा आधार क्रमांक. आधार २०१० मध्ये आलं! मी तो कागद घरी तीनदा वाचला तेव्हा लक्षात आलं. त्याआधी तलाठ्याकडे मला हक्कसोडपत्राचा मसुदा हातात देऊन "ताई, नुसती सही" म्हणून झालं होतं. नोंदणीची अट नसती तर असे कागद प्रत्येक गावात निघाले असते.

बांधावरून
ताई, तुमच्यावर अन्याय झाला. पण आमच्या भागात निम्म्या वाटण्या खरोखर तोंडीच झाल्यात. पंचांसमोर, बांधावर दगड रोवून. ती माणसं खोटी नाहीत.

कैफियत
माणगंगा, मान्य करतो. तो अपवाद कलमाच्या शब्दांतून निघत नाही. दादा म्हणतात तो गावचा व्यवहार कोर्टाच्या डोळ्यासमोर होता, म्हणून ते वाकले. माझ्या मते वाकायला नको होतं. पण आज तो कायदा आहे आणि मला त्यातच काम करायचंय.

दादा, दगड रोवल्याचं सांगून भागणार नाही. त्या काळचे वेगळे फेरफार, वेगळी पीकपाहणी, वेगवेगळ्या पावत्या लागतील, आणि त्याही २००४ पूर्वीच्या. ताई, मूळ कागद कोर्टात दाखल झालाय की नुसती झेरॉक्स? मूळ हजर करायला लावा. आणि आधारची गोष्ट अर्जात लिहू नका. तो साक्षीदार पिंजऱ्यात आल्यावर आधी त्याच्या तोंडून सही २००३ ची आहे असं वदवून घ्या, मग क्रमांक वाचायला सांगा.