डाळिंबाच्या फांदीत कॉर्क नेमका कुठे?

सांगोल्याचा पोरगा:
बीएस्सी तिसऱ्या वर्षाला आहे, सोलापुरात. प्रॅक्टिकलला कण्हेर आणि डाळिंब, दोन्हींच्या खोडाचे सेक्शन (पातळ काप) दिलेत. कण्हेरीत कॉर्क, म्हणजे सालीतला मेलेल्या पेशींचा थर, अगदी कडेला, अपित्वचेच्या (सगळ्यात बाहेरच्या थराच्या) जागीच दिसला. डाळिंबाची फांदी घरच्या बागेतली, भगवा जातीची. साल बाहेरून तपकिरी झालीय म्हणजे कॉर्क असणारच, पण वरवर नुसत्या चुरगळलेल्या पेशी. पार आत, फ्लोएमला (अन्न वाहून नेणाऱ्या थराला) लागून, विटा रचल्यासारख्या पेशींच्या रांगा आहेत. त्याला कँबियम (खोड जाड करणारा थर) म्हणायचं का? सोमवारी जर्नल तपासणार आहेत.

होटगी रोड:
आधी ब्लेड बदल बे. जाड सेक्शनमध्ये सगळंच कँबियम दिसतं.

भेंड आणि ब्लेड:
बाळा, कँबियम लिहू नकोस. तुला सापडलाय तोच कॉर्क. कँबियमच्या आतल्या अंगाला लगेच झायलम, म्हणजे पाणी वाहणारं लाकूड, लागतं. तुझ्या रांगांच्या आत आधी फ्लोएम आहे, मग प्रश्नच मिटला.

फेलोजेन, म्हणजे कॉर्क तयार करणारा थर, सगळ्या झुडपांत एकाच जागी तयार होत नाही. कण्हेरीत तो अपित्वचेच्याच पेशींतून होतो, त्यामुळे तिचा कॉर्टेक्स (अपित्वचा आणि फ्लोएम यांच्या मधला भाग) कॉर्कच्या आत सुखरूप राहतो. डाळिंबात तो खोल, फ्लोएमला खेटून. कॉर्कच्या भिंतींत सुबेरिन, म्हणजे मेणासारखं द्रव्य, बसलं की पाणी पलीकडे जात नाही, आणि त्याच्या बाहेर राहिलेला कॉर्टेक्स, अपित्वचा, सगळं तहानेनं मरतं. तुझ्या चुरगळलेल्या पेशी त्याच. मुलं पुस्तकातली आकृती बघून सेक्शनमध्ये कॉर्क शोधतात, समोरचा सेक्शन बघून आकृती काढत नाहीत. शिकवत होते तोवर माझी यावरून रोज कटकट चालायची.

आता एकच फांदी घे. शेंड्याकडे ती चौकोनी असते, चारही कोपऱ्यांना बारीक पंख. बोटांत फिरवून बघ, लागतात हाताला. खाली येशील तशी ती गोल होते, कारण ते पंख मेलेल्या सालीबरोबर गळून जातात. चौकोनाचा गोल होतोय तिथले, थोडे वरचे, थोडे खालचे सेक्शन घे. सुदान चार या रंगात ठेवलेस तर कॉर्कच्या भिंती नारिंगी-लाल होतील. नुसत्या सॅफ्रानिनच्या रंगावर विसंबू नकोस, ते लिग्निनलाही (लाकडाच्या भिंतींतल्या द्रव्यालाही) लाल करतं.

आणि झायलमच्या आत, भेंडाच्या कडेलाही फ्लोएम दिसेल. दोन्ही झाडांत असतो. दचकू नकोस, लेबल कर. कण्हेर विषारी आहे, हात धुतल्याशिवाय डबा उघडू नकोस.

पंढरपूर द्राक्षबाग:
मॅडम, आम्हाला शास्त्रातलं कळत नाही, पण द्राक्षात हेच होतं का? एप्रिल छाटणीनंतर फुटलेली हिरवी काडी पुढे तपकिरी पडते, आम्ही काडी पिकली म्हणतो. खोडाची जुनी साल तर लांब पट्ट्यांनी सुटते. लोक म्हणतात रोग आहे.

भेंड आणि ब्लेड:
रोग नाही दादा. द्राक्षातही फेलोजेन फ्लोएममध्येच तयार होतो. काडी तपकिरी पडते ती आत कॉर्क बसून बाहेरची हिरवी साल मेल्यामुळे. फ्लोएमचे बाहेरचे चिवट फायबर कॉर्कच्या पलीकडे राहतात आणि सालीबरोबर निघतात, म्हणून लांब पट्टी सुटते.

सांगोल्याचा पोरगा:
मॅडम, लॅबमधलं सुदान संपलंय. लॅबवाले दादा म्हणाले पुढच्या आठवड्यात येईल.

भेंड आणि ब्लेड:
मग रंगाविना, ग्लिसरीनच्या थेंबात माउंट कर. पेशी रिकाम्या, भिंती पिवळट-तपकिरी, आणि रांगा त्रिज्येच्या दिशेनं सरळ, मध्ये फट नाही. एवढं दिसलं तर 'कॉर्क' असं लिही आणि खाली 'खोलवर उगम' असं नोंदव. परीक्षकांनी विचारलंच तर चौकोनी शेंडा दाखव.