टर्बोला स्पार्क प्लग कुठले घालायचे? कुंभार्ली चढताना गाडी आचके देते

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल (म्हणजे इंजिनात हवा दाबून कोंबणारी), डायरेक्ट इंजेक्शन. मीटर ६२ हजार. सपाटीला काही म्हणता काही तक्रार नाही. कराडहून चिपळूणला सासरी जातानाही नाही, कारण तेव्हा कुंभार्ली घाट उताराला लागतो. रड आहे ती येतानाची. चौघं माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, आंब्याच्या दोन पेट्या, एसी चालू. तिसरा गिअर, दोन हजारच्या आसपास आरपीएम, पाय दाबला की गाडी आचके खायला लागते, कुणी मागून बंपर धरून ओढतंय अशी. पाय जरा सैल केला की पुन्हा गुमान चालते. परवा तर चेक इंजिनचा दिवा लुकलुकला आणि घरी येईपर्यंत तसाच पेटून राहिला. सौ. म्हणाली, पुढच्या वेळी एसटीने जाऊ.

गॅरेजवाला म्हणतो प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारे, बदला. हँडबुकातही ६० हजारलाच सांगितलेत, म्हणजे वेळ झालीच आहे. पण बदलून घालू काय?
इरिडियम घेतले तर आठशेच्या आसपास एक. दुकानदार म्हणतो साधे कॉपर घ्या, सव्वाशेला एक, ठिणगी तीच. आणि मेव्हणा म्हणतो टर्बो आहे तर एक नंबर थंड घाल, पिकअप वाढतं. तिघं तीन दिशेला. मी कुणाचं ऐकू?

उद्यमनगरी
भावा, आधी मेव्हण्याला बाजूला बसव.

थंड-गरम म्हणजे ठिणगी थंड-गरम नव्हे. प्लगचं टोक आपल्यातली उष्णता इंजिनच्या हेडकडे किती पटकन सोडतं, त्याचा तो नंबर. टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. ८०० च्या पुढं गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं, आणि टर्बोला ते म्हणजे पिस्टनचं मरण. कंपनीनं टर्बो धरूनच नंबर ठरवलाय. रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला असशील तरच एक नंबर थंड घालायचा विषय. तू तर तांदूळ आणायला जातोस. थंड प्लग घातलास तर गावातल्या गावात फिरताना काजळी धरून बसेल, पिकअप राहिलं बाजूलाच.

अजून एक. प्लगच्या कंपन्यांत एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड. डेन्सोतही तसंच, पण मोजणी वेगळी: एनजीकेचा ६ तो डेन्सोचा २०, ७ तो २२. बॉशमध्ये सगळं उलटं, आकडा वाढला की गरम. काउंटरवरचा पोरगा "सातच्या जागी सात" म्हणून दुसऱ्या कंपनीचा हातात ठेवतो, तिथं फसू नको. हँडबुकातला पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट, कागदावर लिहून ने.

आणि दिवा लुकलुकताना गाडी दामटू नको. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन पेटतं. कॅटची किंमत विचारून बघ, प्लग फुकट वाटतील.

साधाच_बरा
माझं मत वेगळं. कॉपरच घाला, दर १५ हजारला बदला, नवे ते नवे. इरिडियमची फॅशन आहे सगळी. आमच्या जुन्या गाडीत जन्मभर साधेच होते.

मोजमाप
@साधाच_बरा, जुनी गाडी टर्बो होती का? नसणार.

"कॉपर" प्लगचं टोक तांब्याचं नसतंच. तांबं आत गाभ्यात, आणि तो गाभा इरिडियम प्लगमध्येही असतो. टोक निकेलचं. निकेल वितळतं १४५५ अंशाला, इरिडियम २४४६ ला. म्हणून इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक ठेवलं तरी टिकतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. टर्बोत नेमकं हेच लागतं. हवा कोंबलेली, दाब जास्त, आणि दाब वाढला की प्लगच्या टोकाशी असलेली तेवढीच फट ठिणगीनं ओलांडायला कॉइलला (प्लगला व्होल्टेज देते ती) जास्त जोर लावावा लागतो. फट झिजून वाढली असेल तर सपाटीला निभावतं, घाटात पूर्ण बूस्टला कॉइल कमी पडते. @कोयनाकाठ यांचं दुखणं हुबेहूब हेच दिसतंय. निकेल १५ हजारला बदलायचं पथ्य खरंच पाळणार असाल तर गाडी चालेल, पण प्रत्येक प्लगवर कॉइल बसलेल्या गाडीत दर वेळी कॉइल उपसा, कोण करतो?

पण घेण्याआधी एक करा. स्कॅनर लावून कोड बघा. पी०३०२ आला तर दोन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. मग दोनची कॉइल तीनवर, तीनची दोनवर लावा. कोड कॉइलबरोबर तीनला गेला तर दोष कॉइलचा. दोनलाच राहिला तर प्लग काढून बघा. उगाच अंदाजपंचे खर्च नको.

उद्यमनगरी
हे बेस सांगितलं. आणि खोक्यातनं काढलेल्या इरिडियमची फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) फक्त बघायची, टोकावर गेज घासून वाकवायची नाही. टोक तुटतं. पाना मारायच्या आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मार, इंजिन पूर्ण गार असू दे. हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर रडशील.

कोयनाकाठ
मंडळी, काल रविवारी बसलो.

कोड पी०३०२ च होता. दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करून कराड–उंब्रज हायवेला पाचव्यात टाकून मुद्दाम पाय दाबला, पुन्हा पी०३०२. म्हणजे कॉइल निर्दोष सुटली.

प्लग काढले. एक आणि तीनची टोकं बिस्किटाच्या रंगाची, फट ०.९ मिलिमीटर. हँडबुकात ०.७ ते ०.८ आहे, म्हणजे झिजलेतच. दोनचा काढला आणि वरची पांढरी चिनीमाती उन्हात फिरवून बघितली, तर षटकोनाच्या वर केसाएवढा तडा, आणि त्याच्यावरून पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी रेघ. ठिणगी आत न उडता बाहेरूनच लोखंडाला जात होती. कॉइलच्या रबरी बुटात त्याच जागी पुसटसा डाग. बूट सुटा मिळाला, तोही बदलून टाकला.

आता डोक्यात प्रकाश पडला. पन्नास हजारच्या सर्व्हिसला पोरानं "प्लग साफ केलेत साहेब" म्हणून बिलात लावलं होतं. पॉलिश पेपरनं घासले असणार, आणि पाना तिरका घालून दोनची चिनीमाती दुखावली असणार. तिन्ही टोकांवर ओरखडे दिसतायत.

हँडबुकातल्या नंबरचेच इरिडियम घेतले, डीलरच्या काउंटरवरून, पक्कं बिल घेऊन. बाजारात डुप्लिकेट फार. फट तपासली, तिन्ही ०.७५. माझे १२ मिलिमीटर आट्याचे निघाले, टॉर्क पाना शेजारच्या काकांकडून आणून १८ न्यूटन मीटरला आवळले. काकांनी आट्यांना ग्रीस लावायला सांगितलं, नाही लावलं. आट्यांवर आधीच मुलामा असतो, आणि ग्रीसवर पाना तोच आकडा दाखवतो पण प्लग जास्त आवळला जातो.

आज एकटाच हेळवाकपर्यंत जाऊन घाट उतरलो आणि पोफळीवरून लगेच उलटा चढलो. तिसरा गिअर, दोन हजार, पाय तळाला. एक आचका नाही. तांदळाचं पोतं नव्हतं, एवढं मान्य. ते पुढच्या महिन्यात. मेव्हण्याला अजून काही सांगितलेलं नाही.